उचलेपर्यंत थांबायचं

आमच्या घरातलं राजकारण एका मयतापासून सुरू झालं, हे तुम्ही आधी लिहा, बाकीचं मागून. राजकारणी घराणं म्हटलं की लोकांना बंगला दिसतो, गाड्या दिसतात. आमचं घराणं म्हणजे घाटकोपर पश्चिमेला डोंगराच्या उतारावरची एक चाळ, त्या चाळीतल्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांतून आधी वडील नगरसेवक झाले, मग मी झाले, आणि आता माझी वहिनी आहे. तीन माणसं झाली म्हणजे घराणंच म्हणायचं, नाही का.

वडील देवगडकडचे. परळला गिरणीत होते, पण खाली जागा परवडेना म्हणून डोंगरावर आले. तेव्हा तिथे पायऱ्या नव्हत्या, लोकांच्या पायांनी पडलेली वाट होती, पाण्याचा हंडा घेऊन चढताना एक हात दगडाला लावावा लागायचा. मी शाळेत होते तेव्हा आमच्या शेजारचे सावंतमामा गेले. अंगानं दांडगा माणूस. तिरडी बांधली, उचलली, आणि पहिल्या वळणावरच ती अडकली, कारण वाट एवढी अरुंद की आडवं काही वळायचंच नाही. मागे घेतली, तिरकी केली, तरी जमेना, बायका वरून ओरडायला लागल्या की पडेल, पडेल. शेवटी काय केलं असेल, तर मामांना एका खुर्चीत बसवलं, धोतरानं बांधलं आणि खुर्ची उचलून खाली आणली. वडील पुढे होते. दुसऱ्या वळणावर मामांची मान कलली आणि डोकं वडिलांच्या खांद्यावर आलं, झोप लागलेल्या माणसाचं येतं तसं. हे वडिलांनी मला पुष्कळदा सांगितलं आणि दर वेळी सांगताना त्या खांद्यावर हात ठेवला. खाली रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, मेल्यावर तरी माणूस आडवो जावक व्हयो.

मग त्या पायऱ्यांसाठी ते पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला खेपा घालायला लागले. गिरणी बंद पडल्यावर त्यांना दुसरं काम नव्हतं, तेव्हा हेच काम. पायऱ्या झाल्या, रुंद झाल्या, वळणावर चौथरा झाला, लोखंडी कठडा झाला, आणि लोकांनी त्यांना निवडून दिलं. सगळा वॉर्ड त्यांना तात्या म्हणायचा. बाकीची कामं त्यांनी केली, पाण्याची लाइन, संडास, पावसाळ्यात दरड येऊ नये म्हणून भिंत, पण त्यांना विचाराल तर ते पायऱ्यांचंच सांगायचे. भाषण त्यांना येत नसे. मयताला जाणं येत असे. वॉर्डात कुठेही कोणी गेलं, आपल्याला मत देणारा असो की शिव्या घालणारा, तात्या हजर. लोक थट्टा करायचे, म्हणायचे डॉक्टरनं सांगितलं तरी खरं धरू नका, तात्या आले म्हणजे माणूस नक्की गेला.

आणि त्यांचे नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, आम्ही मागे मागे जाऊन शिकलो, मी आणि माझा मोठा भाऊ मोहन. लग्नाला उशिरा गेलं तर चालतं, पहिली पंगत चुकली तर तिसरी मिळते, मयताला दुसरी पंगत नसते. दारात उभं राहायचं, आत शिरायचं नाही, आत घरच्यांची जागा. खुर्ची दिली तरी बसायचं नाही. पक्षाचं उपरणं काढून खिशात घालायचं. रडायचं तर अजिबात नाही, कारण आपण रडलो की घरच्यांना आपल्याला आवरत बसावं लागतं, आणि शववाहिनी आली का, लाकडं आली का, दाखल्याचं कोण बघतंय, हे मग कोण बघणार. आणि काही झालं तरी मयत उचलेपर्यंत तिथून हलायचं नाही.

मोहनदादाला यातलं सगळं जमलं, एक सोडून. तो रडायचा. दारात उभा राहायचा, घरातल्या बाईनं हंबरडा फोडला की हा आत गेलाच, तिच्या पायाशी बसलाच आणि तिच्याहून मोठ्यानं रडायला लागलाच. खोटं नव्हतं हो ते. त्याला माणसाचं काही ना काही आठवायचं, या आजीनं मला पेज वाढली होती, या काकांनी मला सायकल शिकवली. लोकांना त्याचा लळा होता. वडिलांना तो दुबळेपणा वाटायचा.

मी शाळेच्या वाचनालयात कामाला होते. पुस्तकांना कव्हरं घालायची, मुलांना गोष्टीची पुस्तकं काढून द्यायची, दुपारी स्वतः वाचत बसायचं. लग्न केलं नाही, म्हणजे ठरवून नाही, राहून गेलं. राजकारणात मी कधी येईन असं मला वाटलं नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं की तात्यांच्या मागे मोहन. मग सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. अशा वेळी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मुलाची बायको उभी राहते, सही तिची आणि कारभार नवऱ्याचा. वहिनीसाठी दोन साड्यासुद्धा आणल्या होत्या, प्रचाराला बऱ्या दिसतील अशा. आणि वडिलांनी रात्री जेवताना सांगितलं की नंदा उभी राहील. नंदा म्हणजे मी, सुनंदा. मी म्हटलं, मी का. तर मोहनदादा समोर बसलेला असताना, वहिनी वाढत असताना, ते म्हणाले, तुका रडाक येणा नाय. ह्या कामाक तूच बरी.

मोहनदादानं ताटातला भात संपवला. वहिनी आमटीचं पातेलं घेऊन तशीच उभी. आई म्हणाली, अगे आमटी वाढ गो त्याका. एवढंच झालं. आमच्या घरात भांडणं अशीच व्हायची, आमटी वाढून संपायची, पण संपायची नाहीत.

मी निवडून आले, एकदा आणि परत एकदा. आधीआधी मोहनदादा माझ्याबरोबर फिरायचा, चेष्टा करायचा, म्हणायचा वाचनालयाची बाई आली रे, आता मयताची पण हजेरी घेणार. मी वडिलांसारखीच काम करत होते. रुक्ष, पण चोख. दुसऱ्या वेळी निवडून आल्यावर वडील गेले. त्या दिवशीही मी दारात उभी, शववाहिनीवाल्याशी फोनवर, आणि मोहनदादा आत वडिलांच्या पायांवर डोकं ठेवून. येणारी माणसं त्याच्याकडे जात होती, त्याला जवळ घेत होती, आणि माझ्याकडे येऊन विचारत होती, ताई, किती वाजता उचलायचं.

पुढे वॉर्ड खुला झाला. आता तरी त्याला मिळेल असं त्याला वाटलं, मलाही वाटलं, मी पक्षाला तसं सांगितलंही, पण पक्षानं मलाच उभं केलं, मी परत निवडून आले, आणि मोहनदादाला ते कधी पटलं नाही की मी सांगितलं होतं. मग पक्ष फुटला. मोहनदादा त्या अर्ध्यात गेला, मी या अर्ध्यात राहिले, आणि चौकात रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शाखा झाल्या, समोरासमोर, एकीत मी आणि एकीत तो. मी डोंगर सोडून खाली भाड्यानं राहायला आले. आई वरती त्याच्याकडे राहिली. वहिनी मला आधी नंदा, तू, म्हणायची, ती तुम्ही म्हणायला लागली.

मग पालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला, निवडणुका लांबल्या त्या लांबतच गेल्या. मी माजी झाले, तो कधी आजी नव्हताच. पण मयतं काही थांबत नाहीत ना. तो जायचा, मीही जायची. काय सांगू तुम्हाला, त्या सगळ्या वर्षांत आम्हा भावाबहिणीची भेट फक्त मयताला झाली. गणपतीला नाही, भाऊबीजेला नाही. तो आत बसून रडत असायचा, मी दारात, माणसं कुजबुजायची की बघा, तात्यांचं एक एका बाजूला नि एक एका बाजूला. बोलणं नसायचं. पण उचललं की तो मागे मागे राहायचा आणि माझ्या बाजूनं उतरताना हळूच सांगायचा, डावीकडनं ये, तिकडची पायरी हललीय. नाहीतर, आईचो खोकलो कमी झालो. एवढंच. मी घरी येऊन ते एक वाक्य पुष्कळ दिवस पुरवायचे.

त्याच्या डोक्यात रक्तस्राव झाला. सकाळी दात घासताना पडला. घाटकोपरच्याच एका हॉस्पिटलमध्ये नेलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं. मी गेले. वहिनी बाकावर बसली होती, मी तिच्या शेजारी बसले, तिनं सरकून जागा दिली. दोन दिवस आम्ही तशा बसलो, ती घरचा चहा आणायची त्यातला मला द्यायची, मी औषधं आणायची, डॉक्टरांशी बोलायची. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला झोप लागली. मला वडिलांचा खांदा आठवला. मी हललेच नाही. मला वाटलं, या माणसाला देव बरं करो न करो, आमचं बरं होतंय.

आता हे नीट लिहा, कारण यात दत्ताला मी दोष देत नाही. दत्ता आमच्या शाखेतला, वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. बॅनरची कामं तोच बघतो. बॅनरवाल्याकडे सगळ्यांचे नमुने तयारच असतात, वाढदिवसाचे, दहीहंडीचे, श्रद्धांजलीचे, फक्त फोटो आणि नाव घालायचं. त्या रात्री कोणीतरी दत्ताला फोन केला की मोहन गेला. अफवा होती. आणि दत्ताच्या डोक्यात काय आलं, तर समोरच्या शाखेचा बॅनर आधी लागेल आणि सख्ख्या बहिणीचा दुसरा, मग लोक काय म्हणतील. मला विचारायला फोन करणार होता, पण म्हणाला, ताई दुःखात असतील, त्यांना कशाला त्रास. आणि उजाडायच्या आत चौकात बॅनर चढला. मोहनदादाचा हसरा फोटो, वर भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली हात जोडलेली मी. तो माझा जुना फोटो, निवडणुकीचा, त्यात मी थोडी हसतेय.

वहिनी सकाळी आंघोळीला घरी चालली होती रिक्षानं. चौकात तिनं रिक्षा थांबवली. रिक्षावाला नंतर दत्ताला सांगत होता की बाई खाली उतरून वाचत राहिल्या, एवढा वेळ की मला वाटलं वाचता येत नसेल. मग म्हणाल्या, परत हॉस्पिटलला चला.

मला काहीच माहीत नव्हतं. मी तिच्यासाठी बाकावर पिशवी ठेवून जागा धरली होती. ती समोर येऊन उभी राहिली, माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

तुम्ही घरी जा आता. तुमचं काम झालं.

मी म्हटलं, काय झालं. ती म्हणाली, चौकात जाऊन बघा, छान आलाय फोटो.

आत मोहनदादा जिवंत होता. त्याच्या छातीचं वरखाली होणं मी अर्ध्या तासापूर्वी काचेतून पाहिलं होतं. मी चौकात आले, दत्ता शिडीवर होता, बॅनर काढत होता आणि रडत होता. तो बॅनर माझा नव्हता, पण हात माझेच जोडलेले होते, हे मी कोणाला सांगणार.

दुसऱ्या दिवशी मोहनदादा गेला. मी पायऱ्या चढून वर गेले. दारात वहिनीचा भाऊ होता, तो हळू आवाजात म्हणाला, ताई, बाहेरच थांबा, बहीण चिडेल. मी म्हटलं, बाहेरच थांबते. मला काय, सवयच होती. सगळा जन्म मी दारातच उभी राहिले होते, फक्त तेव्हा आत जायची परवानगी असून. आत आई मोहनदादाच्या उशाशी बसलेली. तिचं तेव्हाच थोडं थोडं विसरायला व्हायला लागलं होतं, ते मला माहीत नव्हतं, मला कोण सांगणार, सांगणारा तर तिथे निजला होता. आईनं दाराकडे पाहिलं, डोळे बारीक केले आणि शेजारच्या बाईला विचारलं, कोण इला गो? ती बाई अवघडली आणि म्हणाली, नगरसेविका. आई म्हणाली,

तिका खुर्ची दिया.

खुर्ची आली. निळी प्लास्टिकची. मी बसले नाही. ती माझ्या शेजारी तशीच रिकामी राहिली, आणि येणारे जाणारे तिला वळसा घालून जात होते. मागे कोणीतरी म्हणालं, बघा, डोळ्यांत टिपूस नाही. बरोबर होतं. आलंच नाही. मी उचलेपर्यंत थांबले. वळणावरच्या चौथऱ्यावर खांदेकरी बदलले, तिरडी पाण्यावरची असावी तशी सरळ गेली, कुठे कलली नाही. खाली रस्त्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

त्यानंतर वरचं दार मला बंद झालं. पहिल्यांदा गेले तर वहिनी म्हणाली, आई झोपल्यात. दुसऱ्यांदाही झोपल्या होत्या. तिसऱ्यांदा आईचा आवाज आतून येत होता, ती कोणालातरी हाक मारत होती, आणि वहिनी दारात उभी राहून म्हणाली, झोपल्यात. मी उतरले. एवढ्या वर्षांत त्या पायऱ्या मला उतरायला कधी जड गेल्या नव्हत्या. मला दुसरं काहीच नको होतं हो, तिच्याजवळ बसायचं होतं, ओळखलं नाही तरी चाललं असतं.

मग निवडणुका लागल्या. त्या बाजूनं वहिनीला तिकीट दिलं, मोहनदादाच्या सहानुभूतीवर. आणि आमच्याकडचे दोघे माझ्याकडे आले, म्हणाले ताई, तुम्ही उभ्या राहा, घराणं तुमचं आहे, ती सून आहे, बॅनरचं लोक विसरले. मी म्हटलं, लोक विसरले असतील. त्यातला एक हुशार होता, तो म्हणाला, मग त्यांचीच मतं फुटतील, तुमच्या आईला एक दिवस खाली आणून फोटो काढू, तात्यांची पत्नी मुलीच्या बाजूनं. मी त्यांना चहा दिला होता, तो त्यांचा पिऊन होऊ दिला आणि मग दार उघडून उभी राहिले. दोन नगरसेवक झालेल्या घरात एक वाईट सवय लागते, माणूस गेल्याबरोबर त्याचं काय करता येईल याचा विचार सुरू होतो. दत्ता काही आकाशातून पडला नव्हता, आम्हीच त्याला घडवला. वडिलांनी त्याला आधी पोचायला शिकवलं. मीही शिकवलं असेन.

वहिनी निवडून आली. चांगली आली. मी मत कोणाला दिलं ते सांगत नाही.

मयताला जायचं मी सोडलं नाही. आता मी कोणी नाही, तरी जाते. मागच्या महिन्यात वरच्या आळीतल्या पारकरमावशी गेल्या. मी दारात होते. वहिनी आली, चार माणसं बरोबर, हार आणलेला, गळ्यात उपरणं. हार घातला, हात जोडले, कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला, आणि ती वळली. तिला पुढे कुठे उद्घाटन होतं. तिची चूक नाही, तिला कोणी शिकवलंच नव्हतं, शिकायला ती कधी आमच्याबरोबर आली नव्हती, ती घरी आमटी वाढत होती. ती माझ्या अगदी जवळून चालली होती. मी बोलणार नव्हते. पण पारकरमावशींची सून दारातून तिच्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

वहिनी, उचलेपर्यंत थांबायचं असतं.

ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. मग तिनं गळ्यातलं उपरणं काढलं, त्याची घडी केली, पर्समध्ये घातली आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. बरोबरची माणसं घड्याळं बघत होती. आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना, गाभाऱ्याच्या दाराशी दोन समया असतात तशा, फक्त न पेटलेल्या. उशीर झाला, मावशींची मुलगी विरारहून यायची होती. वहिनी हलली नाही. मयत गेल्यावर आम्ही पायऱ्या उतरायला लागलो, ती पुढे, मी मागे. वळणावरच्या चौथऱ्यावर ती थांबली, कठडा धरला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली,

आईंना आता काही आठवत नाही. तुमचं नाव मात्र घेतात. सकाळी येत जा. मी ऑफिसला गेलेली असते तेव्हा.

आणि ती उतरून गेली. मी तिथेच उभी राहिले. तुम्ही म्हणाल की हे काय माफ करणं झालं, मी नसते तेव्हा या. पण मला पुरे आहे. तिच्या जागी मी असते तर एवढंही म्हटलं असतं की नाही, मला माहीत नाही. देव तिला बरं ठेवो, तिच्या हातून कामं होवोत. आईचं ती करते, न्हाऊ घालते, केस विंचरते, आईच्या अंगाला कधी वास नसतो, हे मी बघते ना.

आता मी रोज सकाळी जाते. आईला मऊ भात भरवते. ती मला कधी ओळखते, कधी मी तिची देवगडची बहीण असते, कधी नगरसेविका, मग ती मला खुर्ची द्यायला सांगते आणि मी बसते, आईनं दिली तर बसायचं. मोहनदादाचं तिला कोणी सांगितलेलं नाही, म्हणजे तिच्या समोरच नेलं त्याला, पण ते राहिलेलं नाही तिच्यात. रोज विचारते. कालच भात भरवताना तिनं माझा हात धरला आणि विचारलं, मोहन खंय गेलो गो?

मी म्हटलं, मयताक गेलो.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं, आमच्या घरात हे उत्तर कायमचंच. मग ताट थोडं बाजूला सारून म्हणाली, त्याचो भात झाकून ठेव मगे. उचलल्याशिवाय येवचो नाय तो.

मी झाकून ठेवला.